डायल फिरतोय, पण कॅमेरा ऐकतोय का? जुन्या फिल्म कॅमेऱ्याची सैल बटणं

हा एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा. बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून आला. नामपूरहून एका श्रोत्याने पाठवलाय. आमच्या बागलाणकडचा माणूस, त्यामुळे सुरुवातच अहिराणीत: "भो, हाई बटन फिरस, पन काही व्हत नही." त्याच्या घरी माळ्यावर एक जुना रशियन झेनिट कॅमेरा सापडलाय. काकांचा फोटो स्टुडिओ होता, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचे. आता त्याला त्यावर रोल टाकून फोटो काढायचेत. पण वरचा वेगाचा डायल गोल गोल फिरतो, रिवाइंडची मूठ डुगडुगते आणि लेन्सची रिंग थोडी हलते. त्याचा प्रश्न साधा आहे: "स्क्रू टाइट करू का?"

उत्तर: लगेच नको. आधी आत रोल आहे का ते बघ. मग नक्की काय सैल आहे ते शोध. स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर.

आज हेच नीट समजून घेऊ. कॅमेरा झेनिट असो, पेंटॅक्स के १००० असो, यशिका असो, तत्त्व एकच आहे.

डायल म्हणजे फक्त पाटी

आपण दिवसभर मोबाइल वापरतो, म्हणून मोबाइलचंच उदाहरण घेतो. स्क्रीनवर वाय-फायचं चिन्ह निळं दिसतं. पण ते चिन्ह म्हणजे वाय-फाय नाही. खरं काम आत चिपमध्ये चालतं, चिन्ह फक्त आतली अवस्था दाखवतं. कधी कधी चिन्ह चालू दिसतं आणि नेट बंद असतं. तेव्हा आपण चिन्हावर कितीही टॅप केलं तरी उपयोग नसतो.

कॅमेऱ्याचा वेगाचा डायल असाच आहे. ३०, ६०, १२५, २५०, ५०० हे आकडे कोरलेली ती एक चकती आहे. खरा वेग ठरतो खाली, दांड्याला जोडलेल्या कॅम आणि दातेरी चाकांवर. चकती दांड्यावर बसवलेली असते आणि तिला दांड्याशी बांधून ठेवतात एक-दोन किंवा तीन बारीक स्क्रू. हे स्क्रू तांदळाच्या कणीएवढे असतात, त्यांना डोकं नसतं, चकतीच्या कडेतून आडवे आत जातात आणि दांड्याला दाबून धरतात. यांना ग्रब स्क्रू म्हणतात. काही कॅमेऱ्यांत कडेला काहीच नसतं, त्याऐवजी वर मधोमध एक स्क्रू असतो, कधी तो चिकटवलेल्या छोट्या टोपीखाली लपलेला असतो.

आता हे स्क्रू ढिले झाले तर काय होतं? चकती फिरते, दांडा जागेवरच राहतो. पाटी बदलली, दुकान तेच.

आणि खरं नुकसान इथे होतं. सैल डायल खोटं बोलतो. तुम्ही १२५ वर लावलंय, पण आत दांडा ३० वर आहे. म्हणजे सेकंदाच्या १/१२५ ऐवजी १/३० भाग एवढा वेळ पडदा उघडा राहिला. जवळजवळ चौपट प्रकाश आत गेला. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश बऱ्यापैकी सहन करते, पण १/३० ला हातात धरून काढलेला फोटो हलण्याची शक्यता बरीच. आणि हे कळणार कधी? डिजिटलमध्ये लगेच कळतं. इथे ३६ फोटो संपणार, रोल कुरिअरने शहरातल्या लॅबला जाणार, धुऊन स्कॅन होऊन येणार, तेव्हा. रोल, धुलाई, कुरिअर धरून हजाराच्या वर सहज जातात. पैसे परत कमावता येतात, पण आजीच्या पंचाहत्तरीचा फोटो परत काढता येत नाही.

पहिलं काम: आत रोल आहे का?

माळ्यावरून काढलेल्या कॅमेऱ्यात जुना रोल अडकलेला असणं अजिबात नवीन नाही. त्यावर कोणाचे फोटो असतील सांगता येत नाही. ब्लॅक अँड व्हाइट रोल तर कित्येक वर्षांनीही काही ना काही चित्र देऊन जातात. मागचं झाकण उजेडात उघडलं की ते गेलं, कायमचं.

नेहमीची तपासणी अशी: रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने हळूच फिरवायची. ताण लागला तर आत रोल आहे, मोकळी फिरली तर नाही.

पण थांबा. या श्रोत्याची रिवाइंडची मूठच सैल आहे! म्हणजे मूठ मोकळी फिरली तरी आतला काटा फिरलाय की नाही कळणार नाही. मूठ सांगेल "रोल नाही", आणि रोल आत असेल. डायल खोटं बोलतो तशी मूठही खोटं बोलते. सैल भागावर केलेली कुठलीही तपासणी धरायची नाही, हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा नियम.

मग काय करायचं? पूर्ण अंधार करायचा. रात्री, खिडक्या बंद, दिवे बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, घड्याळाचा चमकणारा काटासुद्धा नको. वर गोधडी घेतलीत तर आणखी बरं. आता झाकण उघडा. काही कॅमेऱ्यांत बाजूच्या खटक्याने उघडतं, के १००० सारख्यांत रिवाइंडची मूठ वर ओढल्यावर. आत हलक्या हाताने चाचपा. गुळगुळीत पट्टी ताणलेली लागली की रोल आहे. तसंच झाकण बंद करा.

रोल असेल तर आधी तो वाचवायचा. रिवाइंडचं छोटं बटण असतं, ते दाबल्याशिवाय ओढाताण करायची नाही, फिल्म फाटते. मूठ धरत नसेल तर त्याच अंधारात रोल हाताने डबीत गुंडाळून घेता येतो, किंवा अख्खा कॅमेरा तसाच एखाद्या लॅबला द्या. जुने रोल धुणारी माणसं अजून आहेत.

रोल नाही याची खात्री झाली? मग पुढे.

सैल का होतं?

कारण कळलं तर दुरुस्ती टिकते.

पहिलं कारण, हादरे. विचार करा, गावचा फोटोग्राफर कॅमेरा गळ्यात किंवा डिकीत टाकून मोटारसायकलवर नामपूरहून ताहाराबाद, तिथून सटाणा, अशी लग्नाची सुपारी पुरी करायचा. रस्ते कसे होते ते तुम्हाला माहीतच आहे. बारीक हादऱ्यांनी आटे थोडे थोडे मागे सरकतात. ट्रॅक्टरचे नट ढिले होतात, तोच प्रकार, फक्त लहान मापात.

दुसरं, वापर. एका लग्नात वेग शंभरदा बदलला, मूठ प्रत्येक रोलला फिरली. वीस वर्षांचा हिशोब तुम्ही करा.

तिसरं, ग्रीस. लेन्सच्या आतल्या आट्यांना घट्ट ग्रीस असतं, रिंग मखमलीसारखी फिरते ती त्यामुळे. उन्हाळे खाऊन खाऊन त्यातलं तेल सुटतं, उरलेला भाग सुकतो. मग रिंग एक तर जड होते, नाही तर कोरडी पडून हलायला लागते. यात स्क्रूचा काही दोष नाही, आणि स्क्रू आवळून हे बरंही होत नाही.

चौथं, आधीची दुरुस्ती. कोणीतरी उघडलं, एक स्क्रू हरवला, दोनावरच भागवलं. स्क्रूच्या खाचेवर ओरखडे दिसले तर समजायचं, आपण पहिले नाही.

स्क्रू ड्रायव्हर न घेता चार तपासण्या

हे सगळं नुसत्या बोटांनी करायचंय. (ऑडिओत टक-टक ऐकू येतंय तो माझ्या टेबलवरचा डायल आहे.)

एक. डायल चिमटीत धरून वर-खाली हलवा. वर उचलला जातो? घाबरू नका, काही कॅमेऱ्यांत तो उचलूनच फिरवायचा असतो. स्प्रिंगने परत खाली बसत असेल तर ते डिझाइन आहे, बिघाड नाही. स्प्रिंग न जाणवता नुसता लटपटत असेल तर वरचा किंवा कडेचा स्क्रू ढिला.

दोन. डायल फिरवा आणि प्रत्येक आकड्यावर टक होतंय का बघा. हा टक बहुतेक वेळा एका छोट्या छऱ्याचा असतो. खाली स्प्रिंग, वर छर्रा, छर्रा खाचेत बसला की टक. टक गायब असेल तर एक तर स्प्रिंग दमली आहे, छर्रा कोणी तरी हरवलाय, किंवा डायल दांड्यापासून सुटलाय.

तीन. टक होतोय, पण वेग बदलतोय का? पडद्याचा आवाज ऐका. ३० ला आवाज जरा लांबट, ५०० ला तुटक. सगळ्या आकड्यांवर आवाज एकसारखाच असेल तर चकती दांड्यावरून घसरतेय असा संशय घ्या. टक आला म्हणजे वेग बदलला असं नाही. छर्रा चकतीखाली असेल तर चकती एकटी फिरूनही टक देते.

चार. डायल घट्ट आहे, पण डायलसकट दांडाच इकडे-तिकडे डुलतो? मग दांड्याचं बुशिंग झिजलंय. आपल्या हाताने होणारं काम नाही. इथे थांबायचं.

एक सावधगिरी. झोर्की ४ सारख्या जुन्या रशियन कॅमेऱ्यांत आधी फिल्मचा दांडा किंवा मूठ ओढून पडदा चढवायचा आणि मगच वेग बदलायचा, उलट केलं तर आतला भाग बिघडू शकतो. तुमच्या मॉडेलचं माहीत नसेल तर प्रत्येक रशियन कॅमेऱ्यात हीच सवय ठेवा. नुकसान काहीच नाही.

फिल्म सरकवायच्या दांड्याचंही सांगतो. त्याला सुरुवातीला थोडा मोकळा प्रवास असतोच. मेकॅनिक ज्याला "प्ले" म्हणतात तो प्ले मुद्दाम ठेवलेला असतो. दांडा वर-खाली लटपटत असेल तरच काळजी.

हत्यारं: घड्याळवाल्याची पेटी

कॅमेऱ्याची खास हत्यारं महाग मिळतात, पण सुरुवातीला लागत नाहीत. घड्याळ दुरुस्तीचे बारीक चपटे स्क्रू ड्रायव्हर हवेत, १ मिलिमीटर आणि १.४ मिलिमीटर पात्यांचे. एक टोकदार चिमटा. कडा असलेलं ताट किंवा छोटी परात, त्यात पांढरा सुती कपडा. छर्रा उडाला तर ताटातच राहील, फरशीवर गेला तर विसरा. सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा. नेलपॉलिश. बस.

चौकोनी-फुलीच्या स्क्रूबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. जपानी कॅमेऱ्यांतली फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्स फुलीसारखी दिसते, पण असते वेगळी. जपानी मापाला जेआयएस म्हणतात. त्यात साधा फिलिप्स घातला की तो नीट तळाला बसत नाही, वर घसरतो आणि फुली खाऊन टाकतो. जेआयएस लिहिलेलं टोक ऑनलाइन मिळतं. आपल्या झेनिटमध्ये बहुतेक साध्या चपट्या खाचेचे स्क्रू असतात, तिथे पातं खाचेच्या रुंदीएवढंच हवं.

आणि मोबाइल. प्रत्येक पायरीला एक फोटो. स्क्रू काढायच्या आधी एक, काढल्यावर एक. आम्ही कोड बदलताना दर टप्प्याला सेव्ह करून ठेवतो, कुठेही परत जाता यावं म्हणून. इथे तेच.

डायल बसवायचा कसा: "बी"चा आधार

आता मुख्य काम. समजा डायल घसरतोय आणि कडेला ग्रब स्क्रू दिसतायत. लगेच आवळले तर काय होईल? डायल घट्ट होईल, पण चुकीच्या जागी. आधी डायल कधी कधी खोटं बोलत होता, आता रोज ठामपणे बोलेल. म्हणून आधी दांडा खरोखर कुठे आहे ते शोधायचं.

यासाठी बहुतेक मेकॅनिकल कॅमेऱ्यांत एक पक्की खूण असते, डायलवरचं "बी". बी म्हणजे बटण दाबून ठेवलं तोवर पडदा उघडा. बाकी वेग कानाने ओळखणं कठीण, पण बी कोणीही ओळखेल.

पायऱ्या अशा.

लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, म्हणजे पडदा डोळ्यांनी दिसेल. पडद्याला बोट लावायचं नाही.

ग्रब स्क्रू अर्धाच फेरा ढिले करा, पूर्ण काढू नका. डायल हलकेच उचलून दांड्याचं टोक पाहा. पुष्कळदा दांड्यावर एक चपटी बाजू किंवा छोटा खड्डा असतो, स्क्रूचं टोक तिथे बसावं म्हणून. खड्डा सापडला तर निम्मं काम झालं, स्क्रू त्याच्यासमोर आणा.

खड्डा नसेल तर दांडा एकेक पायरी फिरवा, दर वेळी पडदा चढवा आणि बटण दाबून धरा. पडदा उघडाच राहिला, बोट सोडल्यावर मिटला, की दांडा बीवर आहे. आता डायलवरचं बी अक्षर खुणेच्या ठिपक्यासमोर आणून चकती बसवा.

स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. तीन असतील तर पहिला जरासा, दुसरा जरासा, तिसरा जरासा, मग पुन्हा पहिल्यापासून. एकच पूर्ण आवळला तर चकती तिरकी बसते. दोन बोटांच्या जोराने जेवढं होईल तेवढंच. पितळेचे आटे असतात, जोर लावला की आटे जातात, आणि मग तो स्क्रू कधीच धरत नाही.

शेवटी स्क्रूच्या डोक्यावर टाचणीच्या टोकाने नेलपॉलिशचा एक कण. हादऱ्यांनी स्क्रू मागे येऊ नये म्हणून. कारखान्यातही स्क्रूंवर असाच लाखेचा ठिपका द्यायचे. पुढे कधी उघडायचं झालं तर नेलपॉलिश सहज तुटतं.

फोनने तपासा

आवळलं, छान वाटलं, म्हणून रोल घालायचा नाही. आधी चाचणी. तुमच्या खिशात तपासणीचं यंत्र आहेच.

बऱ्याच फोनमध्ये स्लो-मोशन असतं, सेकंदाला २४० चौकटी. लेन्स काढलेला कॅमेरा खिडकीसमोर धरा. एलईडी दिव्यासमोर नको, तो स्लो-मोशनमध्ये लुकलुकतो. मागून फोनने पडद्याचा व्हिडिओ घ्या आणि बटण दाबा. मग व्हिडिओ एकेक चौकट पुढे सरकवून बघा.

हिशोब सोपा आहे. १/३० सेकंद म्हणजे २४० भागिले ३०, सुमारे ८ चौकटी उजेड दिसायला हवा. झेनिट-ई सारख्या कॅमेऱ्यात ३० ला सगळी खिडकी एकदम उघडी दिसते, आणि ६० पासून पुढे एक फट सरकत जाताना दिसते. वेग वाढला की फट बारीक होते. ३० आणि ६० मध्ये हा फरक दिसला आणि १२५ ला फट आणखी अरुंद झाली, की डायल खरं बोलायला लागला.

आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. जुने पडदे थोडे मंदावलेले असतात, ८ ऐवजी ९-१० चौकटी आल्या तर चालेल. डायलवर ५०० आणि व्हिडिओत ३० सारखं उघडं, असं आलं तर पुन्हा बीपासून सुरुवात.

मूठ, दांडा, लेन्स

रिवाइंडची मूठ सगळ्यात सोपी. मागचं झाकण उघडल्यावर डबी बसते त्या बाजूला वरून एक दुबेळकं येतं, काट्यासारखं. त्या दोन टोकांमध्ये पेन्सिल आडवी घालून धरा म्हणजे आतला काटा फिरणार नाही. आता वरची मूठ घड्याळाच्या दिशेने फिरवून आवळा. बहुतेक कॅमेऱ्यांत एवढंच लागतं. मग पेन्सिल काढून तपासा: मूठ फिरवली की काटा तिच्यासोबतच फिरला पाहिजे.

याचा पुढे मोठा फायदा आहे. नवा रोल घालून फिल्म सरकवताना ही मूठ उलटी फिरताना दिसायला हवी. तीच खूण की फिल्म खरोखर पुढे जातेय. मूठ सैल असेल तर ही खूणही गेली, आणि ३६ फोटो एकाच जागी, म्हणजे कुठेच नाही.

फिल्म सरकवायच्या दांड्यावर एक गोल टोपी असते, तिच्यावर दोन बारीक भोकं असतात किंवा काहीच नसतं. ट्यूबचा तुकडा तिच्यावर दाबून फिरवला की रबराच्या पकडीने ती फिरते, ओरखडा पडत नाही. इथे एक धोका आहे: काही कॅमेऱ्यांत या टोपीला उलटे आटे असतात, म्हणजे उजवीकडे फिरवल्यावर ती सुटते. हलक्या हाताने दोन्हीकडे फिरवून बघा. जोर लावावा लागतोय म्हणजे दिशा चुकीची असू शकते. तुमच्या मॉडेलचं नाव टाकून दुरुस्तीचा व्हिडिओ आधी बघा.

लेन्सची रिंग. झेनिटसोबत येणाऱ्या हेलिओस ४४-२ लेन्सवर फोकसची रिंग कडेच्या तीन ग्रब स्क्रूंनी धरलेली असते. रिंग घसरत असेल तर तीच पद्धत, आधी खूण शोधायची. इथे खूण म्हणजे अनंताची, आडव्या आठासारखी. मोसमच्या पुलावरून दूरचा डोंगर बघा, किंवा गच्चीवरून मोबाइलचा टॉवर. व्ह्यूफाइंडरमध्ये तो अगदी स्पष्ट झाला, की लेन्सचं आतलं नळकांडं तसंच ठेवून रिंगवरचं अनंताचं चिन्ह खुणेसमोर आणा आणि स्क्रू आवळा. एसएलआर कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो, म्हणून फोकस डोळ्यांना कळतो. ज्या कॅमेऱ्यांत लेन्समधून दिसत नाही, मीटरचे आकडे बघूनच फोकस लावायचा असतो, त्यांची रिंग घसरली तर फोटो धूसर येतात आणि कारण कळत नाही. ते काम कारागिराकडे द्या.

आणि रिंग नव्हे, अख्खी लेन्सच बॉडीवर हलत असेल? आधी लेन्स काढून पुन्हा नीट आवळून बसवा. बऱ्याचदा तेवढंच असतं.

हे करू नका

फेविक्विक नाही. म्हणजे नाहीच. ते सुकताना त्याची वाफ जवळच्या काचेवर पांढरा थर धरते. लेन्सवर तो बसला तर तुम्ही बटण वाचवलं आणि काच घालवली. शिवाय पुढचा कारागीर ते उघडू शकत नाही.

डब्ल्यूडी-फोर्टी किंवा शिलाई मशीनचं तेल फवारायचं नाही. तेल जिथे टाकलं तिथे थांबत नाही, सरकत सरकत लेन्सच्या पात्यांपर्यंत जातं, पाती चिकटतात.

कांदा मार्केटजवळ राहत असाल तर दारं-खिडक्या बंद करून बसा. हंगामात ट्रॅक्टरमागे उठणारा फुफाटा कॅमेऱ्याच्या आत गेला, की साफ करण्याचं काम दुरुस्तीपेक्षा मोठं.

आणि जिवाचा प्रश्न: ज्या छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश आतच बसवलेला आहे, तो उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भार असतो, सेल काढल्यावरही राहतो. झेनिट, के १००० मध्ये आत फ्लॅश नाही, म्हणून हे सगळं शक्य आहे.

आपल्याला जमेल का?

हा प्रश्न मेसेजमध्ये नव्हता, पण आवाजात होता. "आपण गावाकडचे, आपल्याला कुठे जमणार."

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. बाबुराव मेस्त्री, ज्यांना आपण बाबुराव पेंटर म्हणून ओळखतो, ते नाटकांचे पडदे रंगवायचे. आनंदराव पेंटरांसोबत त्यांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबुराव थांबले नाहीत. दामल्यांना सोबत घेऊन त्यांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला, १९१८ च्या सुमारास. १९२० मध्ये त्यांचा "सैरंध्री" आला. ना व्हिडिओ होते, ना सुटे भाग. होतं ते यंत्र खोलून बघण्याचं आणि कळेपर्यंत बघत राहण्याचं धैर्य. आपल्याला तर कॅमेरा बनवायचा नाहीये, तीन स्क्रू आवळायचेत.

पण धैर्य आणि हट्ट यात फरक ठेवा. दांडा डुलत असेल, पडद्याचं कापड फाटलं असेल, वेग सगळेच चुकीचे येत असतील, तर कारागीर गाठा. मुंबईत फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे विचारा. आणि त्याआधी तुमच्या गावातला जुना स्टुडिओवाला गाठा. त्याने हाच कॅमेरा वीस वर्षं चालवलेला असू शकतो. डायल नुसता कानाशी फिरवून तो सांगेल काय झालंय. ती माणसं आता वयाने थकलीत, आणि हे ज्ञान कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि त्यांना बोलू द्या.

थोडक्यात, क्रमाने

अंधारात रोल तपासा, सैल मुठीवर भरवसा ठेवू नका. चार तपासण्या बोटांनी करा. बी शोधा, मग आवळा. फोनच्या स्लो-मोशनने खात्री करा. मूठ काट्यासोबत फिरते का बघा. मग एक स्वस्तातला ब्लॅक अँड व्हाइट रोल घाला, आणि पहिल्या रोलला वहीत प्रत्येक फोटोचा वेग लिहून ठेवा. रोल धुऊन आला की वही आणि निगेटिव्ह शेजारी ठेवून बघा. कुठला वेग चुकतोय ते तिथेच कळेल. लग्नाला, बारशाला तो कॅमेरा त्यानंतरच न्या.

नामपूरच्या भाऊ, तुझ्या काकांच्या कॅमेऱ्यात रोल निघाला तर आधी त्याचंच कळव. कॅमेरा काय, पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू.

तुमच्या घरात असा कॅमेरा असेल तर मॉडेलचं नाव आणि डायलचा आवाज, दोन्ही व्हॉइस मेसेजवर पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ते आवाज ऐकत ऐकतच बोलू. भेटू.